सरळ पट्टी आणि सुरंगीचा दोरा

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालच्या मार्चमधली. मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. रावजी सुतारांनी मला रत्नागिरीच्या एका शाळेसाठी घडवलं. भूगोलाचे मास्तर आप्पा मला वर्गात उंच धरून म्हणायचे, "सरळ राहावं तर हिच्यासारखं." निवृत्तीनंतर ते मला घरी घेऊन आले आणि मी कपाटामागे पडून राहिले.

त्या मार्चमध्ये आप्पांनी मला पुसून बाहेर काढलं. हैदराबादला त्यांची लेक नम्रता आज-उद्यात बाळंत होणार होती. आप्पांच्या पत्नी कमळाबाईंना त्याआधी तिच्याजवळ पोचायचं होतं. विमान सिंधुदुर्गातल्या चिपीहून दुपारी एकचं. बाराच्या आत तिथं हजर राहायला हवं होतं.

आप्पांनी मला नकाशावर ठेवलं. रत्नागिरीच्या विमानतळापासून चिपीच्या विमानतळापर्यंत.

"साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे एकशे पंधरा किलोमीटर. नऊला निघालो तरी पुष्कळ."

नात वेदिकानं मोबाइल पाहिला. "आप्पा, ह्यात तर पंचवीस मिनिटंच दाखवतायत."

"ती विमानाची, बाय. आपल्याला शेजारच्या हर्षदच्या गाडीनं जायचंय."

"अहो, माझं माहेर देवगडचं," कमळाबाई म्हणाल्या. "मध्ये खाड्या आहेत, घाट आहेत. सातला निघूया."

"नकाशा खोटं बोलत नाही."

"नकाशा कुठं बोलतोय? तुम्हीच बोलताय."

निघालो नऊलाच. नकाशासोबत मीही पिशवीत होते. गाडी सारखी डावी-उजवीकडे कलत होती. मी मोजलेल्या वाटेवर तर एकही वळण नव्हतं. मला काही कळेना.

पावणेएकला पोचलो. काउंटर बंद झाला होता.

कमळाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. लेकीसाठी नेत असलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, त्यांच्या मांडीवर होता. डोक्यावरून विमान गेलं, तेव्हा त्या एकेक फूल ओढून काढू लागल्या.

"नकाशा काढा," त्या म्हणाल्या.

रिकामा दोरा त्यांनी रस्त्याच्या वळणावळणानं नकाशावर बसवला, मग ताणून माझ्यावर धरला. तो साडेसतरापर्यंत आला. आप्पांनी वाकून तो आकडा पुन्हा वाचला.

"सातलाच निघायला हवं होतं," ते म्हणाले.

"ते आता विमानाला सांगा."

नम्रताला त्याच संध्याकाळी मुलगी झाली. कमळाबाई पोचल्या दोन दिवसांनी.

ती मुलगी, राही, आता चालते-बोलते. वेदिका चिपळूणला शिकायला गेली. हर्षदनं गाडी विकून मुंबई गाठली. आप्पा कुठंही निघायचं झालं की आधी विचारतात, "कमळे, किती वाजता?"

आणि मी? माझ्या टोकाच्या भोकात कमळाबाईंनी तो दोरा बांधून ठेवलाय. साडेअकराही खरे आणि साडेसतराही खरे, हे मला अजून उमगलेलं नाही. पण मित्रांनो, मला वापरा, पुसून जपून ठेवा. एवढंच करा, माझ्यापासून हा दोरा सोडू नका. त्याला अजून सुरंगीचा थोडा वास येतो.