गळलेल्या केसाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी, टाचणीवर खोचलेली माशी आहे. तुमच्या साखरेवर बसते ती नव्हे. माझा जन्म एका अळीच्या पोटात झाला, तिला आतून खातच मी मोठी झाले. तुम्ही नाक मुरडाल, तर खुशाल मुरडा.

ती अळी ओडेटची होती. फ्रेडरिक्टनमधली ही निवृत्त शिक्षिका अंगणातल्या रानचेरीवर मोठ्या रेशमी पतंगांच्या अळ्या वाढवायची. तळहाताएवढ्या पंखांची वाट बघत असताना तिच्या बरणीत निघाले मी. रागारागाने तिने मला विद्यापीठाच्या कीटकसंग्रहात नेलं. तिथला माश्यांचा जाणकार लॉर्न तिचा शाळासोबती.

प्रश्न साधा होता. बागांतली कीड मारायला माणसांनीच पूर्वी बाहेरून एक माशी आणून सोडली होती, आणि ती आता रेशमी पतंगांचाही फडशा पाडत होती. मी तीच असेन, तर झाडावर अळ्या सोडणं म्हणजे तिला ताट वाढणं.

"एक माशी ओळखायला एवढा वेळ?" ओडेट म्हणाली.

"सगळ्या सारख्याच दिसतात गं. पाठीवरचे राठ केस बघावे लागतात."

"तुझ्या डोक्यावरचे बघायला बरे, झटकन उरकतं."

मीही कान टवकारले होते, म्हणजे कान असते तर. मला तरी माझं नाव कुठे ठाऊक होतं?

"इथल्या जातीची असती, तर या जागी एक केस हवा होता," लॉर्न म्हणाला. "नाहीये. बाहेरचीच ही."

ओडेटने त्याच दिवसापासून अळ्या वाढवणं सोडलं. मला त्या बाहेरच्या माश्यांच्या खणात ठेवलं. वर्षं गेली. शेजारणींच्या पाठी बघून मला सारखं वाटे, आपण यांच्यातल्या नाही. पण सांगणार कुणाला?

एका दुपारी खण आवरताना लॉर्नने मला खिडकीच्या उजेडात फिरवलं आणि तो थबकला. केस हवा होता त्या जागी बारीकसा खळगा होता. मुळात केसच नसता, तर खळगा कुठून येणार? त्याने लगेच ओडेटला फोन केला.

ती आली. तिचे केस आता पांढरे झाले होते.

"केस गळला होता, आणि मी समजलो की तो नव्हताच," लॉर्न म्हणाला. "माझं टक्कल बघून मी जन्मतःच असा, असं म्हणण्यासारखं झालं. ही इथलीच आहे, ओडेट. चुकलं माझं."

अळ्यांविना गेलेले ते सगळे उन्हाळे ओडेटच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला फार वाईट वाटलं.

"तरी माझी अळी हिने खाल्लीच ना?"

"खाल्लीच. यांचं आणि पतंगांचं हे पहिल्यापासून चालत आलंय."

मित्रांनो, आम्हाला हळू हाताळा, आमचा एक केसही मोलाचा असतो. आणि कुणाला नाव चिकटवण्याआधी त्याला एकदा उजेडात फिरवून बघा.

जाताना ओडेट माझ्यावर वाकली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"यंदा झाडावर थोड्या जास्तच सोडते," ती म्हणाली. "हिच्या गोतावळ्यालाही लागतील."