दोन बोटं माया

फाइल पहिल्या झटक्यात उघडली असती तर पूर्णविरामाच्या पदरात काय पडणार होतं? लेकीकडून एक पिवळा अंगठा. नाही उघडली, तर तिचा अख्खा फोन. व्यवहार इतका सरळ होता. तो ध्यानात यायला मात्र फाइलला दोन-तीनदा तोंडघशी पडावं लागलं.

पूर्णविराम हे नाव त्याला कचेरीने दिलेलं. टंकलेखक म्हणून निवृत्त होईपर्यंत साहेबांनी विसरलेला एकही पूर्णविराम त्याने सुटू दिला नव्हता. घरीही बोलणं तसंच. वाक्य संपलं की संपलं. पुढचं सुरू करायचं ते बायकोने. ती गेली आणि लेकीबरोबरचं रविवारचं बोलणं ‘जेवलात का’पासून निघून ‘काळजी घ्या’पर्यंत एका दमात पोचू लागलं. मधल्या वारी आपण होऊन फोन करायचा तर काही कारण हवं, अशी त्याची पक्की समजूत.

मग लेकीनेच काम काढलं. नातीचा वाढदिवस जवळ आला होता आणि लहानपणी आईने आपल्याला शिवला तसाच फ्रॉक लेकीला आपल्या मुलीसाठी शिवायचा होता. कापड होतं. बारीक निळ्या फुलांचं, आजीने नातीसाठी घेऊन ठेवलेलं आणि शिवायचं राहून गेलेलं, जेमतेम एका फ्रॉकपुरतं. मागच्या खेपेला लेक ते घेऊन गेली होती. हवे होते ते आईने पेटीत गुंडाळून ठेवलेले खाकी कागदाचे कटिंग, म्हणजे फ्रॉकच्या भागांचे आकार. “त्याची पीडीएफ करा आणि मेल करा, बाबा,” ती म्हणाली. जणू शेजारी वाटीभर साखर पोचवायची होती.

गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवालीचं दुकान होतं. पूर्णविरामाने तिला बजावलं की पेन्सिलीची रेघन्‌रेघ दिसली पाहिजे. तिने दाखवली. फाइल अशी फुगली की मेलने ती दारातूनच परत पाठवली. संध्याकाळी लेकीचा फोन आला, भर बुधवारी. काहीच आलं नाही म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्याकडे दूध उतू गेलं, तेही त्याला ऐकायला मिळालं.

झेरॉक्सवाली म्हणाली की काका, हत्ती पाठवायचा तर आधी त्याला वाळवायला हवा. तिने फाइल काळी-पांढरी करून हलकी केली. फाइल पोचली, पण आकार तेवढे उरले आणि आईने पेन्सिलीने लिहिलेल्या फिक्या खुणा साफ उडाल्या. पुन्हा फोन. मग पूर्णविरामाने घरच्या कॉम्प्युटरवर, कचेरीत हात बसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, बायकोच्या सगळ्या खुणा स्वच्छ टाइप केल्या, त्याची पीडीएफ करून धाडली आणि फोन मांडीवर घेऊन बसला.

“बाबा, हे काय पाठवलंय? डॉलरचं चिन्ह, मग चौकोन, मग तीन चौकोन.”

“इथे तर नीट दिसतंय.”

“इथे नाही ना दिसत. वाचून दाखवा.”

त्याने वाचलं. पाठ एक वीत तीन बोटं. गळा चार बोटं. शिवणीला दोन बोटं माया.

“वीत कोणाची?”

“तुझ्या आईची.”

“ती केवढी?”

त्याने टेबलावर पंजा पसरला. लग्नानंतर कधीतरी तिने आपला पंजा त्यावर ठेवून पाहिला होता. “माझ्या वितीपेक्षा एक बोट कमी.”

“मग तुमचा हात इथे कुठून आणू?” लेक हसली. “राहू दे, कागदावरूनच कापते. आणि माया म्हणजे काय?”

“शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं. पोर वाढलं की उसवून सैल करता येतं.”

“त्याला माया म्हणतात?”

“सगळेच शिंपी म्हणतात.”

मग लेकीने विचारलं, आई दोरा दातानेच तोडायची ना? तिथून जे बोलणं निघालं ते फोन कानाला चटका देईपर्यंत संपलं नाही. पूर्णविरामाने त्या रात्री पूर्णविराम कुठेच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवालीने दुखणं ओळखलं. तुमचा फॉन्ट लेकीकडे नाही, तो फाइलच्या पोटात घालून पाठवायचा असतो. तिने तसा घातला आणि आकारांची पानंही त्याच फाइलला जोडली. मग म्हणाली, “आणि छापताना ‘मूळ आकार’ निवडायला सांगा. नाहीतर प्रिंटर पानात बसवायला सगळंच आखडून टाकतो.”

त्याने मेलमध्ये ते वाक्य लिहिलं. वाचलं. आणि एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकलं.

झेरॉक्सवालीचं लक्ष होतं. “काका, फोनच हवा असेल तर करा की. बापाला कारण लागतं होय?”

पूर्णविरामाने गंभीरपणे मेल पाठवली. त्याचा हिशेब चोख होता. बायको नव्या कापडाला कधी थेट कात्री लावत नसे. आधी जुन्या चादरीवर कापून पाही. लेकही पाहील, माप लहान येईल, फोन करील. एक फोन त्याने असा शिलकीत टाकला.

आला तो पिवळा अंगठा. रविवारी निरोप आला की ऑफिसात गडबड आहे, पुढच्या रविवारी बोलू. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी फोटो आला. निळ्या फुलांच्या फ्रॉकमध्ये नात, हात अंगाशी घट्ट. हसत होती, पण हात वर करता येत नसावेत. खाली लेकीने लिहिलं होतं: ‘आईसारखं नाही जमलं. वेळच नव्हता, सरळ कापडावरच कापलं. आतून बरं दिसेना म्हणून मायाही कापून टाकली, आता उसवायलाही काही नाही. माझंच माप चुकलं.’

पूर्णविरामाने फोटो मोठा केला. बगलेत शिवण ताणली होती आणि तिथली दोन निळी फुलं लांबट झाली होती. मग त्याने टाइप केलं, ‘चूक तुझी नाही’. पुढे पूर्णविराम द्यायला बोट गेलं आणि तसंच मागे आलं. त्याने निरोप तसाच पाठवला.

हातातला फोन वाजू लागला. भर मंगळवारी, कामाच्या वेळेला, लेकीचं नाव. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला होता, तो फोन. आता तो उचलायचा आणि एक पुसलेलं वाक्य पुन्हा म्हणायचं. त्याने उचलला.

फोन बापाला मिळाला. हात नातीचे आवळले, बोल लेकीने स्वतःला लावून घेतला. आणि सगळ्यांत जास्त किंमत मोजली ती तिने, जिने ते कापड निवडलं होतं आणि जिला आता दुसरं निवडता येणार नव्हतं.