झग्याच्या चुण्या

तांब्याचा एक बारीक, वळलेला कीस बाहीला चिकटला होता. एर्सिलिओनं तो नखानं उडवला... छपाईच्या पत्र्यावरल्या सम्राटाच्या झग्याच्या शेवटच्या चुणीतून निघालेला. वीस वर्षं आपण केलं काय, तर चुण्या कोरल्या — ऑगस्टसच्या, टायटसच्या, हेड्रियनच्या. चेहरे दुसऱ्यांचे. आधी सोर जाचिंतोंचे, कारण कारखानाच त्यांचा. आणि गेल्या वर्षापासून या वालेरिओचे, ज्याला कोरणी धरायला मीच शिकवलं! जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू? सकाळी पत्रा वालेरिओकडे, दुपारी माझ्याकडे, असे तीन आठवडे गेले. त्याचा तो सम्राट त्रायान बघावा लागू नये म्हणून मी चेहऱ्यावर फडकं टाकूनच काम केलं.

"आटपा रे!" सोर जाचिंतो आतून ओरडले. "पत्रा आजच छापखान्यात जायचाय. खाली नाव कोरलं का?"

"कोरलं की," वालेरिओ म्हणाला.

त्याचं एकट्याचं. चुण्यांना नाव नसतं.

कागदावर कसं उमटेल ते बघायला एर्सिलिओनं फडकं काढून आरसा धरला — आणि सैन्याला आज्ञा देणाऱ्या त्रायानाचा वर गेलेला हात डावा निघाला! छापताना बाजू उलटतात हे विसरून वालेरिओनं चित्र सरळच पत्र्यावर उतरवलं होतं. डावखुरा सम्राट! सगळं रोम हसणार, आणि चित्रं विकत न्यायला येणारे ते इंग्रज तर आधी... कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं, छान वाटलं. त्यानं आरसा जरा खाली घेतला.

आरशात झगाही उजव्या खांद्यावर होता. तो डाव्या खांद्यावरून पडतो हे मी झोपेतही सांगेन, आणि तीन आठवडे मीच तो चुकीच्या खांद्यावर, चुणीन् चुणी मन लावून... त्यानं आरसा पालथा घातला. मग लक्षात आलं, भ्यायचं कारण नाही. हसतील ते वालेरिओला, झगा कुणी कोरला हे कुणी विचारणारसुद्धा नाही. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण तोच जुना जळफळाट उसळला — म्हणजे बदनामीही त्याचीच!

"काय हो, सोर एर्सिलिओ, चेहरा नाही आवडला?" वालेरिओनं विचारलं.

चेहरा सुरेख होता, मेल्याचा.

"थांब," तो म्हणाला. वालेरिओला वाचवायचं नव्हतं, बुडवायचंही आता नव्हतं... त्या चुकीत त्याला स्वतःचा वाटा हवा होता.