मी थांबले ते बरेच केले

मित्रांनो, मी एक म्हातारी, तांबूस रंगाची घोडी आहे. लोक मला अडेल म्हणतात. खुशाल म्हणोत! ज्या दिवशी मला हे नाव पडले, त्या दिवसाचा मला अभिमानच आहे.

मी वीटभट्टीवर राबले. मालक आणि त्याची थोरली बहीण मिळून भट्टी चालवत. ताई रोज सकाळी माझा एकेक पाय मांडीवर घेऊन लोखंडी आकडीने खुरातला चिखल, खडे काढायची. दीड-दोन महिन्यांनी नालबंद येई, वाढलेले खूर तासून नाल ठोकून देई. मग भरलेली गाडीही मला हलकी वाटे.

पुढे ताईचा हात मोडला आणि ती लेकीकडे राहायला गेली. मालक म्हणू लागला, "चालतेय ना? मग बघू पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना काही उजाडला नाही. खूर वेडेवाकडे वाढले, एक नाल डुगडुगू लागला, त्याखाली खडा रुतला आणि आत पू धरला. प्रत्येक पाऊल जणू निखाऱ्यावर पडे.

एके दिवशी भर बाजारात, चढाच्या पायथ्याशी, मी थांबले. मालकाने लगाम ओढला, चाबूक उगारला.

"माजलीय! द्या दोन ठेवून!" बघे ओरडले.

फटके बसले. अंग थरथरले, पण पाय हलला नाही. मला बोलता येत नव्हते. थांबता मात्र येत होते.

हात बरा होऊन ताई त्याच दिवशी लेकीकडून परतत होती. ती गर्दीत घुसली, वाकून तिने माझा पाय उचलला. घाण वास सुटला.

"अरे, वास घे आधी. मग मार हवं तेवढं!"

मालक वाकला. त्याच्या हातातला चाबूक गळून पडला. "ताई, माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"लक्ष दिलं नाहीस, असं म्हण."

नालबंदाने खूर कोरून पू काढला. "आणखी थोडे दिवस गेले असते, तर घोडी हातची गेली असती," तो म्हणाला. मालक रोज माझा पाय शेकत बसे. मी वाचले, पण पाय लंगडा राहिलाच.

आता अंगणात एक तरुण घोडा आला आहे. काल घाईत मालक त्याला तसाच जुंपायला निघाला. मी फाटकात आडवी उभी राहिले.

"सरक गं म्हातारे!"

सरकते कसली! शेवटी तो हसत खाली बसला, आकडी घेतली. चारही खूर साफ झाले, तेव्हाच मी वाट दिली.

मित्रांनो, घोड्याचे खूर रोज पाहा, वेळेवर तासून घ्या. नाही घेतलेत, तर आम्ही थांबू. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत.