कुलपाचा पुढचा दात

"माझी किक डोक्यानं अडवून दाखव, हिंमत असेल तर!" गोलकीपर म्हणाला आणि आमचा येडा तयार झाला. बरं, चेंडू येताना गप्प तरी राहावं! "हे बघ!" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि पुढचा दात गवतात. त्याच्या जागी डॉक्टरांनी बसवलेला खोटा दात, तो मी. काढता-घालता येतो म्हणून हलक्यात घेऊ नका.

आमचा हा मोठ्या क्लबचा डिफेंडर. त्याला ओलांडून चेंडू जायचाच नाही, म्हणून सगळे त्याला कुलूप म्हणायचे. मॅचआधी तो मला काढायचा. कुणाचं कोपर लागलं तर मी थेट पोटात! गोलकीपर मला रुमालात ठेवून जाळीमागं पाण्याच्या बाटलीपाशी मांडायचा. पाप केलं होतं ना त्यानं, मग निस्तरा!

म्हणून अख्खी कारकीर्द मी मागून पाहिली. पेपरात गोल मारणाऱ्यांची थोबाडं, माझ्या वाट्याला याची पाठ. समोरचा कितीही नाचू दे, हा त्याच्या पायांकडं बघायचाच नाही, कंबरेकडं बघायचा. मग झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं तसा अलगद चेंडू काढायचा. हरले की मात्र घरी येईपर्यंत दातओठ खाणं. त्यात चिरडायचो मी!

घरी तरी कुठं यायचा म्हणा. बायको फोनवर विचारायची, "जेवलात का?" हा गार पाव चावत म्हणायचा, "हो गं, मस्त."

शेवटी गुडघा बोंबलला आणि खेळ सुटला. आता तो बायकोशेजारी बसून मटार सोलतो, निम्मे स्वतःच खातो. रात्री मी ग्लासात गार. मजेत चाललं होतं आमचं.

तेवढ्यात गोलकीपर टपकला. "परगावच्या क्लबला कोच हवाय. तिथंच राहावं लागेल. उद्या मुलाखत, मी नेतो तुला."

हा खूश. बायको "छानच की" म्हणाली आणि उठून आत गेली.

सकाळी एका हातानं मला ग्लासातून उचललं आणि शिवणाच्या डब्यात बटणांत टाकलं. हात कुणाचा ते मला ठाऊक, पण दातानं चहाडी करू नये.

"माझा दात कुठंय? 'सर' म्हणायला गेलो की शिट्टी वाजतेय!" बाहेर नुसता धिंगाणा. गोलकीपर दारात आला तर आळ त्याच्यावरच. "पहिला पाडलास, आता दुसरा ढापलास?"

"अरे कुलप्या, इतकी वर्षं तुझं थुंकीवालं धन सांभाळलं. आता चोरू होय?"

तरी दोघं पलंगाखाली घुसले. झाकणाच्या फटीतून मला दिसली ती दोन ढुंगणं.

"बाहेर या," बायको म्हणाली. झाकण उघडलं. मी तिच्या तळहातावर. गोलकीपर कपडे झाडत गुपचूप अंगणात सटकला. आमचा हा कधी माझ्याकडं बघतोय, कधी तिच्याकडं. हात काही पुढं येईना.

"त्या बिचाऱ्याला बोलू नका. मी लपवला," ती म्हणाली. "हा घ्या. जायचं तर जा. पण काल मी 'छानच की' म्हटलं ना, ते साफ खोटं होतं."