फुटबॉलसारखी टणक चाकं आणि एक टोपी

खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हते. लहान मुलांना सूड घेतल्याच्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात. पण माझ्या शेजारी उभं असलेलं गवत कापायचं मशीन म्हणालं, "सांग की, मलाही तेवढाच धीर येईल." म्हणून सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. रस्त्यावर पळणारी नाही, ट्रायल्सची. म्हणजे काय ते आधी ऐका, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

ट्रायल्समध्ये शर्यत नसते. कोण पहिला आला, कोण शेवटी आला, कुणी विचारत नाही. ओढ्यातले गोटे, आडवी पडलेली खोडं, माणसाएवढे दगड, यांच्यावरून गोगलगाईच्या वेगाने जायचं. पाय जमिनीला टेकला की एक गुण चढतो. पडलात किंवा अडकलात की पाच. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. माझ्यावर तर बसायला सीटसुद्धा नाही. मला चालवणारा उभाच असतो, आणि मी त्याच्या दोन पायांमध्ये मांजरासारखी वळते.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा किती हलकी होते! दोन माणसांनी उचलून टेम्पोत ठेवली मला. ज्याने घेतली त्याला सगळे 'चॅम्पियन' म्हणायचे. तो चॅम्पियन व्हायचाच होता, टोपणनाव आधीच पडलं होतं. उंच, लांब हातांचा, चांगला चालवायचा, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला रोज पुसायचा मला. साखळीला तेल, हवेच्या फिल्टरला साबण. पाहुणे आले की आधी मला दाखवायचा, मग घर.

आणि मग ती मोठी स्पर्धा आली.

शेवटचा टप्पा होता. ओढ्यातून वर यायचं आणि समोर एक उभा दगड, छातीएवढा. तेवढा चढला की करंडक त्याचा. आम्ही पायथ्याशी आलो. इंजिन गुरगुरत होतं, क्लच तयार होता, मी तयार होते. आणि माझ्या हँडलवरचे त्याचे हात थरथरायला लागले. मला कळलं ना ते! माझ्याशिवाय कुणाला कळणार? त्याने ॲक्सिलरेटर सोडला आणि दोन्ही पाय टेकले. घाबरला. बस, एवढंच झालं.

घाबरण्यात काही वाईट नाही, मित्रांनो. दगड मोठाच होता. पण लोक धावत आले तेव्हा हा हेल्मेट काढून ओरडला, "क्लच गेला! ऐन वेळी क्लच गेला! धोकेबाज गाडी!"

माझा क्लच? माझा?

त्या दिवशी मी डूख धरला.

त्यानंतर मी मागच्या शेडमध्ये गेले. माझ्यावर फुटक्या खुर्च्या आल्या, रंगाचे डबे आले, कुणाची तरी जुनी गादी आली. घरात जेवायला माणसं जमली की खिडकीतून आवाज यायचा, "करंडक हातात होता रे! त्या धोकेबाज गाडीने घात केला." दरवेळी गोष्टीत दगड थोडा उंच व्हायचा. आणि त्याची बायको, जिला सगळे ताई म्हणतात, ती म्हणायची, "त्या मेलीला विकून तरी टाक एकदाची."

माझ्या शेजारी गवत कापायचं मशीन होतं. चॅम्पियनने त्याच्या पात्याला धार म्हणून कधी लावली नाही, टाकीतलं पेट्रोल सडवलं, आणि वर म्हणायचा, "हे मशीनच भंगार." आम्ही दोघं अंधारात दात-ओठ खात बसायचो.

मग एक दिवस शेडचं दार उघडलं आणि धाकटी आत आली.

धाकटी म्हणजे ताईची लहान बहीण. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. बुटकी, आखूड बोटांची, स्कूटर सोडून दुसरं काही न चालवलेली. क्लबची ट्रायल बघायला गेली होती आणि वेडी होऊन परत आली होती. आता हिला ट्रायल्सची गाडी हवी होती.

तिने आधी बाहेर शोधलं होतं. एका दुकानात चकचकीत नवी, भलं मोठं इंजिन असलेली गाडी बघून आली होती. तिला सोबत घेऊन गेलेल्या माणसाने तिला त्या गाडीपासून अक्षरशः ओढून आणलं. त्या माणसाला क्लबात हवामामा म्हणतात, कारण तो प्रत्येकाच्या गाडीचं चाक अंगठ्याने दाबून बघत फिरतो. मामा म्हणाला, "अगं, ही तुला नेणार नाही, फेकणार. नवशिक्याला लहान, शांत इंजिन. आणि जुनी असली तरी चालेल, पण निगा राखलेली."

"माझ्या भाऊजींकडे एक पडून आहे," धाकटी म्हणाली.

तर आले दोघं. गादी काढली, डबे काढले. मामाने मला खालून वर बघितलं. मागचं चाक धरून हलवलं, कुठे खडखडतंय का ते पाहिलं. इंजिनाखालच्या पत्र्यावर टिचकी मारली, पोचे होते पण तडा नव्हता. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, कार्ब्युरेटर साफ केला. मग किक. पुन्हा किक. मी खोकले, मग शिंकले, आणि सुरू झाले! मामाने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. त्याच्या भुवया वर गेल्या.

"क्लच गेलाय म्हणत होते ना हिचा?"

"हो. सगळ्यांना माहितीये ती गोष्ट."

"हं," मामा म्हणाला. मी ऐकलं ते 'हं'.

चॅम्पियन दारात येऊन उभा राहिला. पोट थोडं सुटलं होतं, टोपी तीच. "ही घेतेस? घे, घे. फक्त एक सांगतो. कशालाही हात लावायचा नाही. चॅम्पियन सेटिंग आहे ते."

"क्लबची ट्रायल जवळ आलीये भाऊजी. मी नाव देणारे."

तो इतका हसला की ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "शेवटच्या टप्प्यातला दगड आहे ना, नवशिक्यांना त्याच्या बाजूचा बुटका भाग असतो. तो जरी चढलीस तरी सगळ्यांसमोर टोपी काढीन तुझ्यापुढे. आणि नाही चढलीस तर ही धोकेबाज थेट भंगारवाल्याकडे. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली.

मला कुणी विचारलंच नाही. पण माझंही कबूल होतं.

आता तिने पहिली चूक केली, आणि ती फक्त स्कूटरवालीच करू शकते. पेट्रोल पंपावर नेऊन तिने माझ्या चाकांत ठासून हवा भरली. तिला वाटलं, गाडीची काळजी घेतेय. मित्रांनो, आमची चाकं मऊ लागतात. इतकी मऊ, की दगडाला मिठी मारता आली पाहिजे. ताईच्या घरी परत आल्यावर चॅम्पियनने चाकावर थाप मारली. टण्ण! त्याला कळलं. नक्की कळलं. आणि तो म्हणाला, "व्वा! एकदम बरोबर," आणि शेजाऱ्याकडे बघून डोळा मारला.

माझ्या मनातल्या हिशोबात हे दुसरं.

पहिल्याच सरावाला मी ओल्या खोडावरून अशी घसरले की धाकटी एकीकडे आणि मी दुसरीकडे. पुन्हा चढली, पुन्हा पडली. कोपर सोललं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "धोकेबाजच आहेस तू," ती मला म्हणाली.

ते फार लागलं हो.

तेवढ्यात मामा आला आणि नेहमीसारखा अंगठा चाकावर ठेवला. अंगठा जागचा हलेना. "काय गं, गाडी चालवायचीये की फुटबॉल खेळायचाय? कुणी सांगितलं एवढी हवा भरायला?"

"मीच भरली. भाऊजी म्हणाले बरोबर आहे."

मामाने व्हॉल्व्हवर नख दाबलं. फुस्स्स. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! बूट काढल्यावर पाय मोकळे होतात ना, तसं. त्याच खोडावरून धाकटी पुन्हा आली. मी खोड घट्ट पकडलं आणि आम्ही पार! ती किंचाळली. घरी येऊन माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि चॅम्पियनच्या त्या सेटिंगकडे बघत राहिली.

"दुकानात मी प्रत्येकाची फ्रेम त्याच्या नाकावर, त्याच्या कानांवर बसवून देते," ती मामाला म्हणाली. "आणि इथे मी दुसऱ्याचा चष्मा घालून ठेचकाळतेय."

"मग काढ की पाना!"

तिने पाना काढला. माझं हँडल तिच्या आखूड हातांसाठी मागे घेतलं. क्लच आणि ब्रेकचे दांडे आत सरकवले, एका बोटात मावतील असे. क्लच मुठीच्या अगदी जवळ पकडेल असा लावला, म्हणजे तिने बोट जरासं सैल केलं की मी लगेच निघणार. मागची स्प्रिंग तिच्या हलक्या वजनाला मऊ केली. आणि मामाने आपल्याकडची ॲक्सिलरेटरची मंद मूठ आणून बसवली. आधी मूठ जराशी पिळली की मी उसळायचे. आता तेवढ्याला नुसती पुढे सरकायचे.

इतकी वर्षं मी चॅम्पियनच्या मापाची होते. त्या संध्याकाळी मी धाकटीच्या मापाची झाले. हे लक्षात ठेवा, माझा सूड इथेच तयार झाला. मला काही करावंच लागलं नाही.

ट्रायलचा दिवस उजाडला. ओढा तोच. शेवटच्या टप्प्यावर गुण द्यायला कोण उभा होता? आमचे चॅम्पियन! ताई डबा घेऊन आली होती. धाकटी आधीच्या टप्प्यांत दोनदा पडली होती, गुडघ्यापर्यंत चिखल, पण दात दाखवत होती.

आम्ही ओढ्यात उतरलो. एक पाय टेकला. वर आलो, पुन्हा एक. मग समोर तो दगड. तिच्यासाठी बुटका भाग असला तरी खालून बघताना कुठलाच दगड बुटका दिसत नाही. तिचे हात थरथरले. अगदी तसेच. मला वाटलं, संपलं, आता भंगारवाला.

"आई गं," ती पुटपुटली, आणि तिने मूठ सोडली नाही, पिळली. बोट सैल केलं. माझं पुढचं चाक उठलं, मागच्या मऊ चाकाने दगडाला धरलं, आणि आम्ही वर!

टाळ्या, शिट्ट्या. मामा तर नाचलाच. "काढा भाऊजी टोपी!" धाकटी वरून ओरडली.

टोपी जागची हलली नाही. "हॅ! बुटक्या बाजूने काय, लहान मुलंही चढतील. आण ती गाडी इकडे. खरा दगड कसा चढायचा ते दाखवतो सगळ्यांना."

"भाऊजी, थांबा. सगळं बदललंय. क्लच फार जवळ पकडतो, मूठ मंद आहे..."

"तू मला शिकवणार? ही माझ्या बोटावर नाचायची!"

मामाने त्याच्या डोक्यावर बळेच हेल्मेट चढवलं. टोपी ताईच्या हातात आली.

मित्रांनो, मी त्या क्षणाची किती वाट बघितली होती! शेडमध्ये मी शंभर बेत केले होते. साखळी तोडीन, ब्रेक धरून ठेवीन. त्यातलं काही लागलंच नाही. मी फक्त तो सांगेल तेवढंच केलं. त्याने बोट सैल केलं, त्याला वाटलं अजून वेळ आहे. मी लगेच निघाले. त्याने मूठ जराशी पिळली, त्याला वाटलं मी उसळेन. मी सरकले. पुढचं चाक उठलंच नाही, ते गेलं सरळ दगडावर. ठक्क! मी थांबले. तो नाही थांबला. हँडलवरून गेला आणि ओढ्याच्या चिखलात अक्षरशः तोंडघशी पडला.

लागलं नाही त्याला फारसं. मला वाईट वाटलं का? नाही. अजिबात नाही.

चिखलातून डोकं वर काढत तो जुन्या सवयीने ओरडला, "क्लच गेला! क्लच गेला या धोकेबाजचा!"

कुणालाच पटलं नाही. आत्ताच तर सगळ्यांनी धाकटीला चढताना बघितलं होतं. मामाने मला उचललं, किक मारली, क्लच दाबला, सोडला. मी शहाण्या मुलीसारखी चार पावलं पुढे गेले आणि थांबले.

"क्लच लोण्यासारखा आहे," मामा म्हणाला.

ताई पुढे आली. "थांब. त्या वेळीसुद्धा तू हेच म्हणाला होतास ना?"

त्याने तोंडावरचा चिखल पुसायला घेतला.

"इतकी वर्षं मी त्या बिचारीला शिव्या घालतेय! घाबरलो म्हणाला असतास तर मी काय खाल्लं असतं तुला?"

तो चिखल पुसत राहिला. ताईने टोपी त्याच्यापुढे धरली. "ही घे. आधी घाल, मग काढ."

त्याने ओल्या केसांवर टोपी घातली, आणि सगळ्यांसमोर, धाकटीपुढे, काढली. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी पुटपुटला. माफी असेल. मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी कानही दिले नाहीत.

आता मी धाकटीच्या ओसरीत असते. रोज पुसते ती मला. आल्यागेल्याचा अंगठा माझ्या चाकावर असतोच. तुमच्याकडे सायकल असेल, दप्तर असेल, घड्याळ असेल, तर त्याची निगा राखा. आणि निदान तुमच्या चुकीचं खापर त्याच्यावर फोडू नका. ते बोलत नाही, पण लक्षात ठेवतं.

आणि हो, निघताना मी शेडमध्ये गवत कापायच्या मशीनला शब्द दिला होता, की तुला मी इथे सोडणार नाही. धाकटीने मामाला सांगून त्यालाही आणलंय. आज ते माझ्या शेजारी उभं आहे, पात्याला नवी धार, टाकीत ताजं पेट्रोल. काल ते मला हळूच विचारत होतं, "तो चॅम्पियन इकडे कधी आला, आणि बघू कसं चालतं म्हणाला, तर?"

मी म्हटलं, "येणारच. राहवणार नाही त्याला. त्या दिवशी तू पहिल्याच झटक्याला सुरू व्हायचंस, सगळ्यांसमोर. आणि तो 'भंगार' म्हणायला तोंड उघडायच्या आत मी हॉर्न वाजवीन." मला हॉर्न नाही, हे त्याला माहीत आहे. पण मी शब्द दिलाय. काहीतरी वाजवीनच.