सात हार

जठारपेठेतल्या सहदेव फुलवाल्याला चित्रं काढायला कोणी शिकवलं नव्हतं आणि काढ म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. तरी गिऱ्हाईक नसलं की तो पुठ्ठ्यावर माणसं उतरवायचा. फरशी बसवणारा बिहारी धर्मेंद्र, राजस्थानचा कुल्फीवाला, मेळघाटातून मजुरीला आलेली गंगूबाई, अशी सात. "यायच्याकडे कोनी दोन मिनिटं धड पाह्यत नाही," एवढंच त्याचं दुखणं होतं.

अमरावतीच्या एका मंडळानं प्रदर्शन लावून दिलं तेव्हा स्वारी हरखली. चित्रातल्या सातही जणांना बोलावणं गेलं. अध्यक्षांच्या हातून त्यांचा सत्कार व्हायचा, म्हणून सहदेवाच्या बायकोनं, शकुननं, झेंडू-शेवंतीचे सात भरघोस हार ओवले.

उद्घाटनाची वेळ झाली, पण सत्कारमूर्तींची एसटी वाटेत मूर्तिजापुरातच अडकली होती. इकडे हार मलूल व्हायला लागले. फुलवाल्याला सुकतं फूल बघवत नाही. सहदेवानं पाणी शिंपडलं आणि एकेक हार एकेका चित्राला अडकवून दिला.

"अवो, हे काय करून राहिले? जित्या मानसाच्या फोटोले हार घालते का कोनी?" शकुन कळवळली.

"घडीभर राहू दे. खाली ठेवले त सुकतीन ना!"

तेवढ्यात अध्यक्ष महादेवराव आले. हार पाहून त्यांनी चष्मा काढला. "किती राबले असतील हे जीव!" ते सभागृहाकडे वळले. "दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळं सभागृह उठलं. चूक सांगायला सहदेव पुढं झाला आणि तिथंच थांबला. या माणसांसाठी कोणी उभं राहिलेलं तो जन्मात पहिल्यांदाच पाहत होता. लाज वाटली, अन् बरंही वाटलं. पंचाईत एवढीच, की सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

दार करकरलं. सातही जण आत आले आणि मंडळी उभी पाहून माना खाली घालून उभे राहिले.

"भैया, कौन गुज़र गया?" धर्मेंद्रनं हळूच विचारलं. मग भिंतीवर त्याला तो स्वतःच दिसला.

शकुन हार काढायला धावली, तर त्यानं अडवलं. "रहने दो, भाभी. दो मिनट पूरे होने दो. जीते जी कौन खड़ा होता है हमारे लिए?"

दोन मिनिटं झाली. महादेवरावांनी डोळे पुसले, दाराशी उभ्या सात जणांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खुर्च्या उचलायला आलात ना? कार्यक्रम संपू द्या. तोवर बाहेर थांबा."

सहदेवानं चित्रावरचा हार काढला आणि सगळ्यांच्या देखत धर्मेंद्रच्या गळ्यात घातला.

"साहेब," तो म्हणाला, "आता डोये उघडे ठेवून पाहा."